पत्रकांच्या पेटीतली दुपटी

आमच्या घरात मतं आणि कागद कधीच कमी पडले नाहीत. बाबा शाळेत शिकवत आणि शाळा सुटली की पंचवटीतल्या एका गल्लीत, मित्राच्या छापखान्यात जाऊन पत्रकं छापत. भगताकडे जाऊ नका. साप चावला तर थेट दवाखाना गाठा. मुलीला शाळेतून काढू नका. नदीत निर्माल्य टाकू नका. मी वाचायला शिकले ती ह्या पत्रकांवर. त्यामुळे मला 'निषेध' हा शब्द 'कमळ'च्या आधी वाचता येत होता, आणि आई म्हणते की तो मी वापरतही होते.

उरलेली पत्रकं एका लोखंडी पेटीत जात. आम्ही इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा पेटी दिवाणाखाली सरकवली गेली. कागदाला कसर लागू नये म्हणून बाबा दरवर्षी पावसाळ्याआधी ती स्वतः उघडत, वरचे गठ्ठे झटकत, पुन्हा रचत आणि झाकण लावत. त्या कागदांना कुणी हात लावायचा नाही, हा घरातला एकमेव नियम होता ज्याचं कारण मी कधी विचारलं नाही.

ताई बाळंतपणाला घरी आली. भाऊजी फौजेत, तेव्हा फार लांब होते. त्यांचं घर देवळाली कॅम्पात. तिथे ताईच्या सासूबाई एकट्या राहतात. मी त्यांना काकू म्हणते. मुलगा झाला. घरी आणायच्या आदल्या दिवशी आईने दिवाणाखालून पेटी ओढली आणि गठ्ठ्यांच्या खालून दुपटी बाहेर काढली. तिच्या जुन्या सुती साड्यांची, हाताने शिवलेली. त्यात मी गुंडाळली गेले होते, माझ्या आधी ताई. फ्लॅटमध्ये जागा कुठे असते? पेटीचा तळ रिकामा होता, तिने तो वापरला होता.

मी लगेच उभी राहिले. "बारशापर्यंत बाळाला नवीन कपडा घालायचा नाही, हे कुठलं शास्त्र? दृष्ट लागते म्हणूनच ना?"

"नवीन कापडाला खळ असते," आई म्हणाली. "टोचते त्याला. ही बघ, लोण्यासारखी झालीत. ह्यात दृष्ट कुठे आली?"

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा वर केला, दुपट्याचं टोक बोटांत धरून चोळलं आणि म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे तिचा. शिवाय आहे ते वापरावं."

रूढी आणि तत्त्व आमच्या घरात पहिल्यांदाच एका बाजूला बसले. मी हरले आणि दुसऱ्या आघाड्यांकडे वळले. ओव्याची धुरी बंद केली. काजळ बंद केलं. शेजारच्या मावशींनी आणलेली बाळगुटी त्यांच्यासमोर बेसिनमध्ये ओतली, त्यावरून आई माझ्याशी दिवसभर बोलली नाही. तेलाचं मालीश तेवढं राहिलं, कारण डॉक्टरांनीही त्याला हरकत घेतली नव्हती. आई बाळाला पायांवर घेऊन खोबरेल जिरवायची, आंघोळ घालायची, पुन्हा तेलाचं बोट फिरवायची आणि दुपट्यात घट्ट गुंडाळायची. तो सुस्कारा टाकून झोपायचा. मी दाराशी पहारा देत होते. बाहेरून काही अडाणीपण आत येऊ द्यायचं नाही.

काकू नातवाला बघायला आल्या, त्यांनी त्याचं डोकं नाकाशी नेलं.

"घ्या. ह्याला आत्ताच पत्रकांचा वास मारतोय," त्या म्हणाल्या. "व्याहीबुवा, हे चालायला लागलं की आधी मोर्चा काढणार, मग आईचा पदर धरणार."

"फौजेत नाही गेला म्हणजे मिळवली," बाबा म्हणाले.

"जाईल की. फौजेत मोर्चा काढील."

सगळे हसले. मीसुद्धा.

तो पिवळा झाला तेव्हा कुणी फार घाबरलं नाही. होतात बाळं पिवळी. दवाखान्यात नेलं, निळ्या दिव्याखाली ठेवलं, डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट. उतरला पिवळेपणा. घरी आणलं. आईने त्याला तेल लावलं, दुपट्यात गुंडाळलं, आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकून चहा केला.

दुसऱ्या दिवशी ताई त्याला पाजायला घेऊन बसली आणि म्हणाली, "हा ओढत नाहीये." मी खिडकीचा पडदा बाजूला केला. डोळ्यांचा पांढरा भाग हळद घातल्यासारखा. त्याहून मला घाबरवलं ते त्याच्या ओठांनी. ते पांढुरके झाले होते. ताईने लंगोट सोडला तर त्यावर चहाचा असावा तसा तपकिरी डाग. आईने तो लंगोट डॉक्टरांना दाखवायला बाजूला ठेवला.

पुन्हा तोच दवाखाना. रिक्षात ताई त्याच्या तळव्यावर सारखी टिचकी मारत होती, तो रडावा म्हणून. तो रडत नव्हता.

बालरोगतज्ज्ञ मॅडमनी त्याचं रक्त पाठवलं, अहवाल आले आणि त्यांनी आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवलं. पिवळा रंग रक्तात वेगाने वाढत होता. लाल पेशी कमी झाल्या होत्या. वर पांढऱ्या पेशी चढलेल्या, दाह दाखवणारी चाचणीही चढलेली.

"जंतुसंसर्ग असू शकतो," त्या म्हणाल्या. "अँटिबायोटिक सुरू केलंय. पण मला दुसरी काळजी जास्त आहे. हा पिवळा रंग अजून वाढला तर मेंदूत उतरतो. आधी कान जातात. मग हातपाय आखडतात. ते झालं की परत फिरवता येत नाही. दिव्याने आटोक्यात आलं नाही तर त्याचं रक्त बदलावं लागेल."

ताईने विचारलं, "कान जातात म्हणजे?"

"ऐकू येत नाही."

ती आत बघत राहिली. काचेपलीकडे तो निळ्या उजेडात उताणा पडला होता, पट्टीमुळे कुठे बघतोय तेही कळत नव्हतं.

मला भांडल्याशिवाय घाबरता येत नाही. मी म्हणाले, "जंतू सापडला का मॅडम? नसेल सापडला तर औषध कशाचं चाललंय?"

दुसऱ्या कुणी मला हाकललं असतं. त्या शेजारी बसल्या. "जंतू वाढवून बघायला वेळ लागतो. तोवर मी थांबू शकत नाही. पण तुमचा प्रश्न बरोबर आहे, कारण जंतू नसतानाही असं दिसू शकतं." मग त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण त्या दिवसापासून मी ते इतक्यांदा मनात घोळवलंय की त्यांचे शब्द आता उरलेले नाहीत.

लाल पेशीच्या पोटात हीम नावाची वस्तू असते. तिच्या मधोमध लोह बसलेलं. रक्ताचा लाल रंग तिचा, श्वासातला प्राणवायू वाहून नेण्याचं काम तिचं. पेशी जुनी होते तेव्हा प्लीहेतल्या भक्षक पेशी तिला गिळतात आणि आतलं हीम तोडतात. लोह पुन्हा वापरायला काढून ठेवतात. उरलेलं आधी हिरवं होतं, मग पिवळं. गुडघ्यावरचा काळानिळा डाग हिरवट आणि मग पिवळा का होतो, ते हेच. तुमच्या-माझ्या अंगात हे काम रोज चालू असतं आणि ते करताना ह्या भक्षक पेशी शांत असतात. उलट हीम पचवता पचवता त्या आसपासचा दाहही विझवतात. एरवी रक्तात थोडं हीम सांडलंच तर त्याला धरून ठेवणारी प्रथिनं असतात. पण लाल पेशी एकदम, ढिगाने फुटल्या तर ती प्रथिनं संपतात. हीम मोकाट सुटतं. आणि मग त्याच शांत पेशींना ते शत्रूसारखं दिसतं. जंतू आल्यावर त्या जो धोक्याचा इशारा देतात तोच देतात. पांढऱ्या पेशी धावून येतात, काही तर स्वतःचं जाळं करून फेकतात. अंग सुजतं, रक्तवाहिन्यांना इजा होते. शत्रू कुणीच नसतो.

"म्हणजे घरातल्याच माणसाला चोर समजून मारतात," आई म्हणाली.

"जवळपास," मॅडम म्हणाल्या. "म्हणून मला कळायला हवं की पेशी का फुटतायत. आई-बाळाचे रक्तगट जुळतायत, ते कारण नाही." आणि त्यांनी विचारायला सुरुवात केली. ताईने काही औषध घेतलं का? बाळाला काही चाटवलं का? मी छाती पुढे काढून नाही म्हणाले. कुणी पडू दिलं का? नाही. घरात कपड्यांत डांबरगोळ्या ठेवता?

"नाही हो," आई म्हणाली. "कपाटात मी कडुलिंबाचा पाला ठेवते."

ते खरं होतं. मीही मान डोलावली. ताईनेही. आमच्या घरात कपड्यांत डांबरगोळ्या कधीच नव्हत्या.

मग घराण्यात कुणी असं पिवळं झालं होतं का, हा प्रश्न आला आणि बाबा घसा खाकरून म्हणाले, "मला झाली होती कावीळ. सुरगाण्याला शिबिराला गेलो होतो. हिवताप झाला, त्यातून उठतोय तर कावीळ. तिथल्या पाण्याने झाली. मी नंतर पाणी उकळण्यावर पत्रक काढलं होतं."

"हिवतापाच्या गोळ्या घेतल्या होत्या?"

"हो, घेतल्यावर दोन-तीन दिवसांत पिवळा झालो."

"लघवी?"

बाबांनी आमच्याकडे पाहून आवाज खाली आणला. "कोकमाच्या सारासारखी."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. ती कावीळ पाण्याची नसावी, त्या म्हणाल्या. काही माणसांच्या लाल पेशींत एक विकर, म्हणजे एन्झाइम, कमी असतं. एरवी त्यांना काही होत नाही, पण विशिष्ट औषधं, विशिष्ट रसायनं अंगात गेली की पेशी पटापट फुटतात. बापाकडून तो दोष प्रत्येक मुलीकडे जातो, मुलींना सहसा त्रास होत नाही, आणि त्यांच्या मुलग्यांपैकी काहींमध्ये तो पुन्हा वर येतो. "चाचणी आत्ता केली तर फसवी येऊ शकते, नंतर करूच. पण काहीतरी ह्याच्यापर्यंत पोचतंय. दवाखान्यात असताना बरा होतो, घरी गेला की बिघडतो. आठवा. लवकर आठवा."

त्या आत गेल्या. आम्ही चौघं बाकावर. मी आमचं घर डोळ्यांसमोर आणून खोल्याखोल्यांतून फिरत होते. फरशी पुसायचं औषध. डासांची कॉइल. ताईच्या केसांचं तेल. शेजारच्या मावशींची गुटी बेसिनमध्ये पूर्ण गेली होती ना? की मी झोपलेली असताना आईने... मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती, आणि तिला माझ्या मनातलं कळलं हे मला दिसलं.

"नाही चाटवली," ती म्हणाली.

काकू देवळालीहून बसने आल्या त्या घाम पुसतच. ताईला जवळ घेतलं, काचेतून आत पाहिलं, आणि बाकावर जागा करायला बाळाची पिशवी मांडीवर घेतली. आत घरून आणलेली दुपटी होती. दोन मिनिटांनी त्यांनी ती पिशवी पायाशी ठेवली, मग पायाने लांब सरकवली.

"काय झालं काकू?"

"डोकं चढतंय गं. तुमच्या पत्रकांचा वास लय उग्र हाय."

त्या दिवशी सगळे ज्यावर हसले होते तो वास. मला पहिल्यांदाच प्रश्न पडला.

"पण कागदाला कसला वास येतो?"

"कागदाला कशाला येईल? डांबरगोळीचा येतो. तुमच्या घरात शिरलं की पयला तोच येतो. तुम्हाला येत नाय?"

मी पिशवी उचलून तोंडाशी नेली. काही नाही. आमच्या घराचा वास. माझ्या लहानपणाचा, सुट्टीच्या दिवशी गठ्ठे बांधण्याचा, बाबांच्या शबनम पिशवीचा. मी तो इतकी वर्षं घेत होते की माझ्या नाकाने त्याची नोंद घेणं सोडून दिलं होतं. मी बाबांकडे वळले. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला पुढचं विचारावंच लागलं नाही.

"कसरीसाठी," ते म्हणाले. "कागदांसाठी टाकतो मी. कपड्यांत नाही टाकत." आणि मग, अगदी हळू, "खाली कपडे आहेत हे माझ्या लक्षातच..."

आईने त्यांचा हात धरला. मी पिशवी घेऊन धावले.

मॅडमनी ती उघडलीसुद्धा नाही. एका प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून बाहेर ठेवायला लावली. बाळाच्या अंगावरचं तेल पुसून घेतलं. डांबरगोळीतल्या रसायनाची वाफ श्वासातून जाते, कातडीतूनही जाते, आणि तेल लावलेल्या कातडीतून जास्त सहज, असं त्या काम करता करता सांगत होत्या. रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्याला थोडं रक्त दिलं. दिवे वाढवले. मग वाट बघणं. दर थोड्या वेळाने टाचेतून थेंब काढून नेत आणि आम्ही नर्सच्या चेहऱ्याकडे बघत बसायचो. पिवळेपणाचा आकडा वाढला. पुन्हा वाढला, पण कमी वेगाने. रक्त बदलण्याची तयारी करून ठेवली होती. मला त्या बाकावर पत्रकाची भाषा सुचत होती आणि तिचा राग येत होता. कुणाचा निषेध करायचा? किराणा दुकानात साखरेच्या शेजारी ठेवलेल्या डांबरगोळ्यांच्या पुडीवर धोक्याची एक ओळ का छापत नाहीत, हा प्रश्न मी विचारणार होते, आजही विचारते आणि विचारत राहणार. पण आत निळ्या उजेडात जे पडलं होतं ते माझ्या रागाने हलत नव्हतं.

आकडा थांबला. मग उतरला. रक्त बदलावं लागलं नाही. जंतूंचा अहवाल आला तो स्वच्छ होता. पांढऱ्या पेशींचा सगळा गोंधळ जंतूशिवायच चालला होता. पुढे काही महिन्यांनी विकराची चाचणी झाली, बाळाची आणि बाबांची. दोघांचं कमी. म्हणजे ताईकडे तो दोष आहे, आणि माझ्याकडेही आहे. बाबांनी मला काय काय दिलं याची यादी मी अभिमानाने सांगत असे. आता त्यात ही भर.

पण हे सगळं पुढचं. घरी सोडण्याआधी कानांची चाचणी झाली. यंत्राने एका कानाला हो म्हटलं, दुसऱ्याला म्हटलं नाही. "पुन्हा करू," मॅडम म्हणाल्या. "बऱ्याचदा पहिल्यांदा असं येतं. थोडं मोठं होऊ द्या." पिवळेपणाचा आकडा धोक्याच्या रेषेच्या खालीच राहिला होता, असंही म्हणाल्या. पण रेषेच्या किती खाली, आणि रेषा त्याला माहीत होती का?

बाळाला आमच्या घरी नेलंच नाही. ताई थेट देवळालीला गेली. इकडे आईने पेटी रिकामी केली, बाबांनी गठ्ठे गच्चीवर पसरले आणि दुपटी जाळली. जाळताना आई म्हणाली, "ह्यात तुम्ही दोघी होतात." आम्ही दोघी त्यात होतो आणि आम्हाला काही झालं नव्हतं. तेव्हा दुपटी त्या पेटीत ठेवलेली नव्हती.

मी रोज देवळालीला जाऊ लागले. वाटी आणि चमचा घेऊन त्याच्या मागे उभी राहायचे. यंत्राने नाही म्हटलेल्या कानाच्या बाजूने टिंग. तो छताकडे बघायचा. ताई ओरडायची, "पुरे कर. मला नकोय तुझं परीक्षण." तासाभराने ती स्वतःच किल्ल्या वाजवताना सापडायची. एकदा तोफखान्याचा सराव सुरू झाला. देवळालीकरांना त्याची सवय असते; काकू चहा गाळत राहिल्या. खिडकीच्या काचा थरथरल्या आणि बाळ हातपाय ताणून दचकलं. ताईने माझ्याकडे पाहिलं, तिचे डोळे भरले होते.

"ऐकू आलं त्याला," ती म्हणाली.

मला तेवढ्यावर थांबता आलं नाही. "जमीन हलली ताई. पाळणा हलला. शिवाय दुसऱ्या कानाने ऐकलं असेल."

"तू ना," ती म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

काकू म्हणाल्या, "फौजेला पण हिच्याकडून पास घ्यावा लागंल."

बाबा तिकडे येत नसत. काम आहे म्हणायचे. ते काम म्हणजे पत्रक होतं. त्यांनी पहिला मसुदा मला दाखवला तेव्हा वर ठळक अक्षरात होतं : डांबरगोळ्या वापरू नका. मी म्हटलं, "बाबा, हे आपण वाचलं असतं तर काय म्हणालो असतो? आम्ही वापरतच नाही, म्हणालो असतो." त्यांनी कागद परत घेतला. बरेच दिवस त्यावर काही झालं नाही.

कानांच्या दुसऱ्या चाचणीच्या आदल्या दिवशी ते देवळालीला आले. वास जावा म्हणून गच्चीवर उन्हात टाकलेले कपडे घालून, चपला बाहेर काढून, तरीही दारातच उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात. बाळ ताईच्या मांडीवर उताणं, चांगला कान तिच्या पोटाशी दाबलेला, डोळे पंख्यावर.

"छापून आणलंय," ते मला म्हणाले. खिशातून नव्या कागदाची घडी काढली आणि उलगडली. पंचवटीतल्या त्याच छापखान्याचा करकरीत कागद. वर मोठ्या अक्षरांत एक प्रश्न होता : बाळाचं दुपटं ज्या पेटीतून निघालं, तिच्यात आणखी काय आहे?

मी ते वाचलं ते नंतर. कारण कागद करकरला आणि बाळाने पंख्यावरून नजर काढली. मान अर्धी वळली. दाराकडे.

काकूंच्या हातात लाटणं तसंच राहिलं.

"बाबा," मी म्हणाले, "घडी घाला. आणि पुन्हा उलगडा. जरा हळू."

त्यांनी घडी घातली, बाळ पुन्हा पंख्याकडे बघू लागेपर्यंत थांबले, आणि कागद उलगडला.